कोपर मारणारी कोर्टवर, दात तुटलेली बाहेर

मा. क्रीडामंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

गणपती उठले नि शालेय सामने लागले. माझी मुलगी 17 वर्षांखालील गटात बास्केटबॉल खेळते. रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परत आलेला बॉल, घेऊन खाली येताना समोरच्या मुलीचं कोपर तिच्या तोंडावर बसलं. पुढचा दात अर्धा गेला. हिने रागाने तिला ढकललं आणि शिट्टी वाजली ती या ढकलण्यावर! आरडाओरडा झाल्यावर कोपराला साधा फाऊल दिला, हिला मात्र थेट डिसक्वालिफाय, म्हणजे सामन्यातूनच बाहेर.

फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम मी आता पाठ केलेत. गालाला बर्फ लावत बसल्यावर दुसरं काय करणार? कोपर असं जोरात मारलं तर तो अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खेळाला न शोभणारा, फाऊल: दोन फ्री थ्रो, वर बॉलही आमचाच. प्रकार फारच वाईट असेल तर मारणारीच बाहेर. मारामारीत बेंच सोडून आत येणारा राखीव खेळाडूही बाहेर. नॅपकिन घेऊन धावलेल्या आमच्या राखीव मुलीला त्यांनी काढलं, तो नियम बरा आठवला! मुख्य प्रशिक्षकाला भांडण सोडवायला आत यायची मुभा आहे, हे मात्र आठवलं नाही. सरांना दम देऊन बसवलं.

2007 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॉबर्ट हॉरीने स्टीव्ह नॅशला धक्का मारून कोर्टच्या कडेच्या गुणलेखकांच्या टेबलावर आपटलं. बेंचवरून नुसते पुढे आले म्हणून नॅशचे दोन साथीदार एकेका सामन्याला मुकले. अन्यायच तो. पण हॉरीलाही दोन सामन्यांची बंदी बसली होती, साहेब.

आमच्याकडे दोन पंच, दोघांचेही डोळे बॉलवर. पहिला फटका सुटतो, उलटा फटका सापडतो. अशा वेळी दोघांनी एकत्र यावं, टेबलावरच्या गुणलेखकांना विचारावं, सुरुवात कोणी केली, सोडवत कोण होतं ते बघून मग हात वर करावा. मिनिटाचं काम. पण दहातले आठ पंच पीटीचे मास्तर. सकाळी खो-खोची शिट्टी, दुपारी बास्केटबॉलची. त्यांना शिकवलंय कोणी? भत्ता तरी वेळेवर देता का?

सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर नव्हते. मग 2011 पासून होतच असलेल्या मुंबई–गोवा महामार्गावरून निघालो. दर खड्ड्याला पोर तोंडावरचा रुमाल घट्ट दाबायची. त्या रस्त्याला कोणता फाऊल लावायचा? नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण म्हणे! सामनाच हरल्यावर प्रमाणपत्र काय आकाशातून पडणार? कोर्टवर शेवाळ, क्रीडा संकुलाला कुलूप. लग्नाचा हॉल म्हणून मात्र ते बरोबर उघडतं. उद्घाटनाच्या पाटीवर नावं मावत नाहीत, मैदानावर तिसरा पंच नाही.

पंचांना शिकवा, आणि मारामारी झालेल्या प्रत्येक सामन्याचा लेखी अहवाल पालकांना दाखवा. ‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीस्तव पुढे पाठवला आहे’ एवढंच कळवायचं असेल तर पोस्टाचा खर्च वाचवा.

आपला, अजून तरी नम्र,
एका खेळाडूचा बाप, कोकण