साक्ष फक्त बरे झालेल्यांनीच द्यायची का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांतून ख्रिस्ती समाजावर एखाददुसरा लेख येतो आणि केक, चांदणी, गव्हाणीचा देखावा व मध्यरात्रीची उपासना एवढे सांगून झाले की तो संपतो. एरवी वर्षभरात आमच्याविषयी बातमी आलीच, तर ती बहुधा कुठल्या तरी चंगाई सभेची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्यासाठी भरवलेल्या सभेची असते: मांडव, ध्वनिक्षेपक, व्यासपीठावर कुबड्या टाकून चालू लागलेला माणूस आणि त्यावरून उठलेला वाद. या दोहोंच्या मध्ये सामान्य ख्रिस्ती कुटुंब ज्या श्रद्धेवर वर्षाचे सगळे दिवस काढते, म्हणजे रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतून देव आपला सांभाळ करत असतो ही श्रद्धा, तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. याचा दोष वर्तमानपत्रांना देऊन मोकळे होण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. आमच्या मंडळ्यांमध्येही, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्येही, ती श्रद्धा नीट सांगितली जात नाही, असे माझे मत आहे आणि ते समाजातील वाचकांपुढे आपल्या स्तंभातून मांडावे, एवढाच हेतू आहे.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केले आणि पुढच्या काळात या जिल्ह्यातल्या गावोगाव ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकीच एकीत आमच्या घराच्या पिढ्या गेल्या. अशा घरांत संध्याकाळची प्रार्थना हा दिवसाचा ठरलेला भाग असतो. वरणाखालचा गॅस बंद होतो, टीव्ही बंद होतो, अलीकडे मोबाइलही पालथे घातले जातात (पुण्याला नोकरीला असलेल्या मुलासाठी एक चालू ठेवावा लागतो, कारण तो त्यातूनच प्रार्थनेला बसतो) आणि जे कोणी घरात असतील ते चटईवर येऊन बसतात. एक गीत होते, बहुतेक वेळा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे, कारण ती सगळ्यांना पाठ असतात. मग बायबलमधील स्तोत्रसंहितेतला किंवा शुभवर्तमानातला एखादा उतारा, जो वाचता येऊ लागलेल्या सर्वांत धाकट्या मुलाने अडखळत वाचायचा आणि कोणी त्याला मध्येच सुधारायचे नाही. त्यानंतर घरातले वडीलधारे माणूस विचारते, आज कशाबद्दल आभार मानायचे?

उत्तरे ऐकण्यासारखी असतात. टँकर आज वेळेवर आला. सुनेची रात्रपाळी बदलून दिवसपाळी झाली. शेळी सुखरूप व्याली. कांद्याला भाव नाही, पण चाळीत निदान सडला तरी नाही. बाहेरच्या माणसाला ही यादी क्षुल्लक वाटेल, आणि विश्वाच्या निर्मात्याला कांद्याच्या चाळीची खबर कशाला द्यायची, असेही कोणी विचारील. मात्र येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात वर्षभराचे धान्य किंवा मुलाबाळांपुरती जमीन मागितलेली नाही. रोजची भाकर आज दे, एवढेच मागणे आहे. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळाला तोही त्या त्या दिवसापुरता, आणि ज्यांनी तो सकाळपर्यंत राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले, असे बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे. आजच्यापुरते मागायचे आणि आज जे मिळाले ते आठवून मोजायचे, हे वळण मुलांना चटईवरच लागते. रविवारच्या शाळेत ते शिकवता येत नाही, निदान मला तरी इतक्या वर्षांत शिकवता आलेले नाही.

माझ्या सासऱ्यांनी प्रार्थनेची एक दोनशे पानी वही ठेवली होती. डाव्या पानावर तारीख व विनंती, उजव्या पानावर पुढे काय झाले ते. ‘थोरल्याची नोकरी’ या ओळीसमोर पुढची एक तारीख आणि ‘उपकार’ एवढाच शब्द आहे. ‘विहिरीला पाणी’ या ओळीसमोर ‘लागले, थोडे मचूळ’ असे लिहिले आहे. आणि कितीतरी विनंत्यांसमोरची जागा कोरी आहे. त्या ओळींवर त्यांनी काट मारली नाही, आणि ती जागा कोरी का राहिली याचे समर्थनही कुठे केले नाही. देवाच्या सांभाळाविषयी मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. इतके सचोटीचे लिखाण मात्र दुसरे पाहिलेले नाही.

मंडळीत आम्ही या सचोटीने बोलत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. रविवारच्या उपासनेत साक्ष देण्यासाठी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्यासाठी, वेळ राखलेला असतो. त्या वेळी उठतात ते कोण? ज्यांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, ज्यांच्या मुलीला परिचारिका प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला, ज्यांचा अपघात थोडक्यात टळला ते. त्यांनी आभार मानू नयेत असे कोण म्हणेल? परंतु सतत अशाच साक्षी कानांवर पडल्या की ऐकणाऱ्याच्या मनात एक हिशेब तयार होतो: प्रार्थना केली, काम झाले, म्हणजे देवाने सांभाळले. हा हिशेब जितका सोपा तितकाच निर्दय आहे, कारण त्याच मंडपात काम न झालेली माणसेही बसलेली असतात आणि प्रार्थना त्यांनीही तेवढीच केलेली असते.

माझ्या धाकट्या दिरांचे मूत्रपिंड निकामी झाले होते. डायलिसिस चालू असताना मंडळीने त्यांच्यासाठी उपास धरले, पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) घरी येऊन तेल लावून प्रार्थना करून गेले, आणि तरीही ते गेले. त्याच सुमारास आमच्याच मंडळीतील दुसरे एक गृहस्थ तितक्याच गंभीर आजारातून उठले. त्यांच्या पत्नीने रविवारी उभे राहून, देवाने आमची प्रार्थना ऐकली, अशी साक्ष दिली. ती साक्ष खरी होती, तो आनंदही खरा होता. मात्र मागच्या बाकावर पांढरी साडी नेसून बसलेल्या माझ्या जावेला त्या वाक्याचा दुसरा अर्थ ऐकू आला असणार, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. तिला पुढे येऊन काही सांगायला कोणी बोलावले नाही. बोलावले असते तर ती काय सांगणार, अशीच सगळ्यांची समजूत असावी.

तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. काही महिन्यांनी आमच्या आळीतल्या घरसभेत ती आपण होऊन बोलली. दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी गावातल्या रिक्षावाल्याने डिझेलपुरतेच पैसे घेतले. दुखवट्याच्या दिवसांत शेजारच्या मुसलमान घरातून सकाळचा चहा रोज येत होता, आणि किटली परत न्यायला येणारी मुलगी जाताना अंगण झाडून जात होती. हातांत ताकद उरली नव्हती तरी नवऱ्याने शेवटच्या आठवड्यात खाटेवर बसून मुलीच्या शाळेच्या वह्यांना खाकी कागदाची कव्हरे घातली, आणि ती कव्हरे वर्षभर टिकली. मग ती म्हणाली, देवाने त्यांना का वाचवले नाही ते मला कळत नाही. पण त्याने आम्हाला टाकून दिले असेही मला म्हणता येत नाही. ती खाली बसल्यावर पुढचे गीत कोणी सुरू करावे हे कोणाला सुचेना.

पवित्र शास्त्र या बाबतीत आमच्या व्यासपीठांपेक्षा अधिक सरळ बोलते. चिमण्यांविषयीचे येशूचे वचन आम्ही कौतुकाने भिंतीवर लावतो. दमडीला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकही तुमच्या पित्याला वगळून भूमीवर पडत नाही, असा त्याचा आशय आहे. चिमणी पडणारच नाही, असे तेथे म्हटलेले नाही. दानिएलाच्या पुस्तकात, राजाच्या मूर्तीला नमन न केल्यास जळत्या भट्टीत टाकू अशी धमकी मिळालेले शद्रख, मेशख व अबेद्नगो राजापुढे उभे राहून सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवण्यास समर्थ आहे, आणि लगेच पुढे जोडतात की त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुमच्या मूर्तीपुढे वाकणार नाही. आम्ही रविवारच्या शाळेत मुलांना भट्टीतून सुखरूप बाहेर येणारे तिघे रंगवायला देतो; ते ‘नाही तरी’ मात्र चित्रात येत नाही. प्रेषित पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासाविषयी, देवाला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढे उत्तर मिळाले.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच 1882 मध्ये पती गेले. आणि 1921 मध्ये, जिच्या हाती काम सोपवायचे त्या मनोरमा या एकुलत्या एक कन्येचा मृत्यू झाला. त्यानंतर वर्षाच्या आतच, 5 एप्रिल 1922 रोजी, स्वतः रमाबाई गेल्या. सुटकेचा हिशेब लावला तर या बाईंनी साक्ष द्यायला उभे राहण्याचे काही कारण नव्हते. तरी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणल्या, केडगावला मुक्ति मिशन उभे केले, आणि तेथे ताटात पडलेल्या रोजच्या अन्नाला त्या देवाची देणगी म्हणत राहिल्या. बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामाला तर त्या अखेरपर्यंत लागून होत्या. त्यांच्या हयातीत मुक्तीमध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले त्याच्या कथा आमच्याकडे आवडीने सांगितल्या जातात. त्यांच्या घरातल्या मृत्यूंची रांग मात्र चटकन ओलांडली जाते.

येथे चंगाई सभांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. देव रोग बरे करतो असे मी मानते आणि आजाऱ्यासाठी प्रार्थनाही करते. मात्र प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करा असे सांगणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, तो घात करतो. त्याला कायद्याने जाब विचारला तर तो श्रद्धेवरचा हल्ला ठरत नाही. आमच्या पूर्वजांनी प्रार्थना आणि औषध यांत कधी भांडण लावले नव्हते. मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये रुग्णालय उभे केले ते प्रार्थना करणाऱ्या लोकांच्याच पैशांतून, आणि आमच्या जुन्या ख्रिस्ती घरांत एखादी परिचारिका किंवा शिक्षिका नाही असे घर शोधावे लागेल. रात्रपाळी करून पहाटेच्या एसटीने परतणारी सून कोणाच्या तरी प्रार्थनेचे उत्तर बनून आलेली असते. ती मात्र घरी येऊन आपले पाय सुजल्याबद्दल प्रार्थना करायला सांगते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. चहा शेजारणीने दिला, पैसे रिक्षावाल्याने कमी घेतले, यात देव कुठे आला? त्या माणसांचे श्रेय काढून देवाला देणे हा त्यांच्यावर अन्याय नाही का? माझे उत्तर असे की आभार दोघांचेही मानायचे असतात, आणि पहिल्यांदा शेजारणीचे. जे कुटुंब संध्याकाळी देवाला धन्यवाद देते पण किटली रिकामीच परत पाठवते, त्याची प्रार्थना ऐकून मलाही संकोच वाटतो. आमच्या घरची रीत अशी की आलेले भांडे कधी रिकामे जात नाही. नाताळात करंज्या जातात, एरवी मूठभर शेंगदाणे का होईना.

दुष्काळी वर्षात हा सगळा विचार अधिकच अवघड होतो. आमच्याकडे हंगामाची उपासना असते. त्या दिवशी लोक बाजरी, ज्वारी, भोपळे, अंडी, कोंबड्या देवळात (चर्चमध्ये) आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, आणि ज्याने भोपळा घेतला तोच तो पुन्हा लिलावाला ठेवतो, म्हणून एकाच भोपळ्याचे पैसे मंडळीला दोनतीनदा मिळतात. 1972 च्या दुष्काळात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी होत होत्या. त्या वर्षी हंगामच नव्हता. ती सांगत असे की तरीही उपासना झाली, टेबलावर कोणी कामावर मिळालेली सुकडी वाटीत आणून ठेवली, आणि पाळकसाहेबांनी हबक्कुकाचा तो भाग वाचला, ज्यात अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असे संदेष्टा म्हणतो. लिलाव झाला नाही. सुकडी मुलांना वाटली.

म्हणून आमच्या पाळकांना व पंचमंडळाला माझी विनंती आहे की साक्षीच्या वेळेत महिन्यातून एखादा रविवार अशा माणसांसाठी ठेवावा, ज्यांच्या विनंतीसमोरची जागा अजून कोरी आहे. त्यांच्यावर बोलण्याची सक्ती नको, आणि ती बोलली तर शेवटी त्यांची समजूत घालणारे प्रवचनही नको. एवढ्या मोठ्या सभेत उभे राहणे जमत नसेल, तर बुधवारच्या घरसभेपासून सुरुवात करता येईल. आणि आपल्या प्रतिनिधीला येत्या नाताळात ख्रिस्ती घरावर लिहायचे असेल, तर त्याने केकच्या वेळी न येता आदल्या आठवड्यातल्या एखाद्या साध्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास यावे. चटईवर जागा असते. प्रार्थना संपेपर्यंत जेवण मात्र वाढले जात नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. अहिल्यानगर