ज्युनिअर केजीतली लेखनसक्ती, चाचण्या आणि मराठीवरची बंदी याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय

विषय : सिंहगड रस्ता, पुणे येथील आपल्या पूर्वप्राथमिक शाखेतील शिक्षणाच्या दर्जाबाबत.

महोदय,

माझी मुलगी जूनपासून आपल्या शाखेत ज्युनिअर केजीत जाते. प्रवेश घेताना हातात दिलेल्या माहितीपत्रकावर ‘खेळातून शिक्षण’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. त्यावर विश्वास ठेवून आम्ही फी भरली. पुढे जे दिसले ते शाखेच्या मुख्याध्यापिकांना तोंडी सांगितले, लेखीही दिले. ‘अभ्यासक्रम कंपनीकडून येतो, आमच्या हातात काही नाही,’ असे उत्तर मिळाले, म्हणून आता आपल्याला लिहिते आहे.

सगळ्यात आधी लिहिण्याबद्दल. चार वर्षांच्या मुलांना रोज चार रेघांच्या वहीत पानभर अक्षरे गिरवायला लावतात आणि उरलेले पान गृहपाठ म्हणून घरी येते. स्मॉल बी उलटा काढला म्हणून माझ्या मुलीच्या वहीत लाल पेनाने फुली आली आहे आणि खाली ‘सराव घ्या’ असा शेरा. या वयात अक्षरे उलटी पडणे अगदी नेहमीचे असते. मनगटाची हाडे पूर्ण तयार व्हायला अजून काही वर्षे जायची असतात, बोटांचे बारीक स्नायू तयार होत असतात. त्यासाठी कागद फाडायचा, मणी ओवायचे, मटकीतून राजमा निवडायचा, कणीक तिंबायची. हे सगळे आमच्या घरी होते. शाळेत मात्र पेन्सिल. आता पेन्सिल दिसली की मुलगी हात मागे लपवते. हा परिणाम माझ्या दृष्टीने अक्षर चुकण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

त्यातच दर महिन्याला ‘युनिट टेस्ट’ आणि गुणांचे पत्रक. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध केला. तीन ते सहा वयोगटासाठी परीक्षा आणि चाचण्या पूर्णपणे अयोग्य आहेत, मुलाला पाहून, त्याच्या कामावरून त्याची प्रगती समजून घ्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या माहितीपत्रकावर ‘नव्या शैक्षणिक धोरणानुसार’ असेही छापले आहे. मग हे गुणपत्रक कोणत्या धोरणातून आले, ते कळवावे.

यापुढचे लिहिताना मला राग आवरत नाही. वर्गात मराठी बोलायचे नाही, असा नियम आहे. मुलीने ‘मिस, शू लागली’ असे सांगितले, तर ‘इंग्लिशमध्ये विचार’ म्हणून तिला थांबवून ठेवले. ते वाक्य तिला आठवेना. ती ओल्या कपड्यांत घरी आली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिने पाणीच प्यायले नाही. शाळेतल्या मावशींनी निदान तिचे पाय पुसून तिला जवळ घेतले, त्यांचे मी आभार मानते. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असे सांगते. आम्ही इंग्रजी शाळा निवडली आहे, त्यामुळे इंग्रजीला आमची हरकत नाही. गाणी, गोष्टी, चित्रे यांतून ती भाषा येऊ द्या. पण मुलाची गरज त्याच्या भाषेत ऐकून घेणे, एवढे तरी कोणत्याही माध्यमाच्या शाळेत व्हायला हवे.

वर्गात एकतीस मुले आणि एक शिक्षिका आहेत. २०१३च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाप्रमाणे या वयाच्या वीस मुलांमागे एक शिक्षिका हवी. दिवाळीनंतर शिक्षिका बदलल्या, आधी कोणी कळवले नाही. नव्या मॅडमचे बालशिक्षणाचे प्रशिक्षण झाले आहे का, याला शाखेकडून उत्तर नाही.

शाळेच्या बंगल्याच्या आवारातला वाळूचा हौद पावसाळ्यात ताडपत्रीने झाकला, तो तसाच आहे. गणपतीच्या आधी मुलांना शाडूची माती देणार म्हणून ग्रुपवर कळवले होते. प्रत्यक्षात मूर्ती तयार आली, मुलांनी तिच्यावर एकेक टिकली चिकटवली आणि फोटो काढले गेले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. पाने, बिया, शिंपले, माती, जे आसपास मिळेल ते मुलांच्या हातात दिले. त्याला पैसा फारसा लागत नव्हता. आपल्याकडे स्मार्ट टीव्ही आहे आणि मुले त्याच्यासमोर बसून गाणी बघतात.

माझ्या मागण्या अशा आहेत. ज्युनिअर केजीतले लेखन, गृहपाठ आणि चाचण्या ताबडतोब बंद कराव्यात आणि तसे सर्व पालकांना लेखी कळवावे. मराठी बोलल्यावरून कोणत्याही मुलाला अडवू नये. शू-शी, तहान, दुखणे यासाठी तर कधीच नाही. वर्गाला दुसरी प्रशिक्षित शिक्षिका द्यावी. हौद उघडावा, वाळू बदलावी आणि रोजच्या वेळापत्रकात मोकळ्या खेळाचा तास कधी आहे ते आम्हाला दाखवावे. पालकांना महिन्यातून एकदा वर्गात बसून पाहू द्यावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. बदल करणे शक्य नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि दुसऱ्या सत्राची भरलेली फी परत करावी, म्हणजे मुलीला वेळेत दुसऱ्या शाळेत घालता येईल. सोबत वहीच्या पानांच्या, गुणपत्रकाच्या आणि आपल्या माहितीपत्रकाच्या प्रती जोडल्या आहेत.

आपली,
ज्युनिअर केजीतील विद्यार्थिनीची आई
सिंहगड रस्ता, पुणे