तिसरा गिअर

देवगड,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी दोन वाक्यांत उरकलं असतं आणि तूही "जाऊ दे हो बाबा" म्हणून विषय बदलला असतास. म्हणून लिहायला बसलो. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर मी तुला जे बोललो ते चूक होतं. गिअर तू अर्धवट टाकत नव्हतीस. तो पुरता पडतच नव्हता, आणि त्याला अडवणारी दांडी मी बसवलेली होती.

कसं कळलं ते पहिल्यापासून सांगतो.

जून-जुलैचं बंदर तुला माहीत आहे. मासेमारी बंद, ट्रॉलर वर ओढलेले, आणि प्रत्येकाला आपलंच इंजिन आधी खोलून हवं असतं. दिवसभर सहा सिलिंडरांच्या धुडात हात घालायचे आणि रात्री जेवून मांगरात आपल्या कार्टचं १३२ सीसीचं यामाहा आरएक्स इंजिन उघडायचं, असा दीड महिना गेला. पहिला आठवडा तर नुसते बोल्ट काढण्यात गेला. ॲल्युमिनियमची केस, त्यात लोखंडी बोल्ट आणि वर आपली खारी हवा. आट्यांत पांढरी भुकटी धरून चार बोल्ट दगडासारखे बसले होते. डोकी तुटू नयेत म्हणून तीन रात्री नुसतं तेल सोडत राहिलो, मग केस गरम करून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे काढले.

या इंजिनात केसचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय गिअरबॉक्स दिसत नाही. जोडात पेचकस घालून उचकटायचा मोह होतो, तो तू कधी करू नकोस. टू-स्ट्रोकचं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या केसमध्ये येतं आणि मग वर जातं. त्या जोडावर केसाएवढी चीर पडली तरी तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून जाम होतो. मी पुलर लावून, लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकत सोडवलं.

तिसरा गिअर हातात घेतला तेव्हा कंदिलासारखं लख्ख दिसलं. तुला कॉलेजात शिकवतील तेव्हा शिकवतील, आत्ता एवढं ध्यानात घे: या गिअरबॉक्समध्ये दात सगळे कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. तू गिअरचा दांडा ओढतेस तेव्हा आतला खाचांचा ड्रम फिरतो, ड्रमच्या खाचेतून फोर्क, म्हणजे गिअरला धरणारा चिमटा, सरकतो आणि फोर्क एका गिअरला बाजूला ढकलून त्याचे डॉग शेजारच्या गिअरच्या खाचेत बसवतो. डॉग म्हणजे गिअरच्या अंगावरचे जाड ठोकळे. त्यांची कड किंचित आत कापलेली असते, त्यामुळे जोर आला की ते एकमेकांना आत ओढून धरतात. कोपरा गोल झाला की उलटं होतं. जितका जोर द्यावा तितके ते एकमेकांना बाहेर ढकलतात. आपल्या तिसऱ्याचे तीनही कोपरे आंबा फोडीच्या कडेसारखे गुळगुळीत झाले होते. फोर्कचं टोक घासून घासून निळं पडलं होतं आणि शेजारच्या फोर्कपेक्षा बोटाला पातळ लागत होतं. चौथ्याचे कोपरेही नुकते चमकायला लागले होते.

खरं लिहितो. तेव्हाही माझ्या मनात हेच आलं की बघ, पोरगी अर्धवट टाकते त्याचाच हा परिणाम. डॉग असे झिजतात ते अर्धवट पडलेल्या गिअरवर जोर दिल्यानेच, हे खरं आहे. मी एवढ्यावरच थांबलो. कोल्हापूरला उद्यमनगरातून सिलिंडरचा ब्लॉक ०.५० मिमी ओव्हरसाइज बोअर करून आणला, तिथेच एका जुन्या स्पेअरवाल्याकडे तिसऱ्याची जोडी आणि फोर्क मिळाला. बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये बांगड्यांच्या शेजारी ठेवली, केस उकळत्या पाण्याने तापवली. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे बेअरिंग हातानेच टपकन आत बसलं, हातोडी उचलावीच लागली नाही. तो आवाज ऐकायला तू हवी होतीस. पिस्टनच्या रिंगांची तोंडं पिनेवर आली की नाही हे दोनदा पाहिलं, नाहीतर पोर्टमध्ये अडकून मोडतात. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

इंजिन चॅसिसवर चढवलं आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात किती होते ते बघायला तुझी वही काढली. मधल्या पानावर ग्रीसचा अंगठा आणि खाली तुझं अक्षर: "३ रा डाव्या वळणातून बाहेर पडताना सुटतो. उजव्या वळणात नाही. ५ फेऱ्यांत ५ वेळा डावीकडेच."

मी ते वाचलं आणि पाना खाली ठेवला. पाय असो वा हात, चुकीचा गिअर टाकणारा माणूस डावं-उजवं बघून चुकत नाही. हे तू मला ट्रॅकवरही सांगितलं होतंस. मी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या रात्री कार्ट स्टँडवरून उतरवून चाकांवर ठेवला आणि तुझ्या आईला सीटमध्ये बसवलं, कारण तिचं वजन तुझ्याजवळपासचं आहे. गाडी मागेपुढे हलवत एकेक गिअर टाकला. प्रत्येक वेळी ड्रमचा टक् असा आवाज. मग आईला म्हटलं, डाव्या वळणात अंग कसं उजवीकडे फेकलं जातं तसं सगळा भार उजव्या कुशीवर टाक. तिने टाकला. मी गिअरचा दांडा ओढला. टक् झालंच नाही. बॅटरी मारून पाहिलं तर सीटची कड फुगून, गिअरच्या दांड्यापासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या लिंकच्या दांडीला टेकली होती आणि दांडीचा शेवटचा दोन-तीन मिलिमीटरचा सरक तिथेच अडत होता. सीटच्या फायबरवर अंगठ्याएवढा एक चकचकीत पट्टा आहे. मे महिन्यात धुताना मी तो पाहिला होता आणि खरचटलंय म्हणून सोडून दिला होता.

स्टँडवर मी तो गिअर शंभर वेळा टाकून पाहिला असेल. प्रत्येक वेळी बसला, कारण रिकाम्या गाडीत सीट आणि दांडीच्या मध्ये फट होती. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिला कार्ट जोडला तेव्हापासून या गाडीला सस्पेन्शन नाही आणि डिफरन्शियलही नाही. मागचा एक्सल अखंड, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. वळताना आतलं मागचं चाक जरासं उचललं जावं लागतं, नाहीतर गाडी सरळच जाते, आणि ते उचललं जावं म्हणून चॅसिसच्या नळ्या मुरडतात. मुरडणं हे तिचं कामच आहे. हे मला माहीत होतं, मीच तुला समजावलं होतं. तरी दांडी लावताना मी गाडी उभी आणि रिकामी धरली, बोटीच्या इंजिनाची लिंक लावावी तशी. बोटीच्या फाउंडेशनला कोणी कुशीवर लोटत नाही.

तिकडे ट्रॅकवर चार माणसं उभी असताना मी म्हटलं होतं, "हिचं लक्ष नसतं, गिअर अर्धा टाकते." फोंडाघाट उतरेपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. दाजीपूरला चहालाही उतरली नाहीस. मला वाटलं राग आलाय, उतरेल. आता कळतं की तू बरोबर होतीस, तुझ्याकडे पाच फेऱ्यांची नोंद होती आणि ऐकणाराच ऐकत नव्हता. माझं चुकलं, बाय. नुसतं घरात बसून म्हणत नाही. त्या चौघांपैकी दोघे गेल्या आठवड्यात बोटीच्या पंपासाठी आले होते, त्यांना मांगरात नेऊन तो पट्टा दाखवला आणि सांगितलं की मुलीचं बरोबर होतं. उरलेल्या दोघांना दिवाळीत ट्रॅकवर सांगेन, तुझ्यासमोर.

आजीला हे सगळं जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "चेडवाक उगाच बोललस रे. आता तिका सांग तरी." पत्र लिहायचं तेव्हाच ठरवलं.

दांडी आता दोन बोटं बाहेरून नेली आहे आणि दोन्ही टोकांना बॉल जॉइंट घातलेत. आई पूर्ण वाकली तरी मधून माझी करंगळी जाते. पण पक्का बोल्ट अजून कसलेला नाही. तू सीटमध्ये बसल्यावर, तुझ्या हाताच्या लांबीने, गिअरचा दांडा कुठे थांबावा ते तू सांगायचं आणि मग मी कसणार. पेट्रोल दिवाळीतच आणू, पाच लिटरला २०० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, हे प्रमाण पहिल्या टाकीला कमी करायचं नाही. नवीन बोअर आहे, पहिल्या दहा फेऱ्या हलक्या हाताने आणि मध्येमध्ये थांबून.

एक विचारायचं आहे. वहीत त्याच पानाखाली तू "ब्रेक, ४ थी फेरी" एवढंच लिहून सोडलंयस. काय जाणवलं होतं? आठवत असेल तर लगेच कळव, दिवाळीच्या आधी मागच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलून बघतो.

एसटीने डबा पाठवतोय. आमसुलं आणि आजीचे नारळाचे लाडू आहेत. तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिसरा गिअर आहे, तेल पुसून ठेवलाय. डॉगच्या कडेवरून नख फिरवून बघ, आधी झिजलेल्या बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने.

तुझा,
बाबा