गोळी बंद करू नकोस, आधी हे वाच

बाळा,

काल फोनवर तू सहज म्हणालास की पायाची सूज उतरली, आता गोळी बंद केली तर चालेल ना, आणि माझ्या पोटात गोळाच आला. अरे सूज उतरली म्हणजे पायातली रक्ताची गुठळी गेली असं नसतं. वॉरफरिन, म्हणजे तुझी ही रक्त पातळ ठेवणारी गोळी, गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही आणि नवीन होऊ देत नाही, विरघळवायचं काम शरीर हळूहळू करतं. बंद कधी करायची ते डॉक्टरच सांगणार.

हृदयाचा व्हॉल्व्ह बदलल्यापासून ९ वर्षं मी हीच गोळी घेतेय म्हणून हक्काने बोलते. माझा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा (जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ), २.५ ते ३.५ लागतो, तुझा २ ते ३, त्यामुळे माझा डोस बघून काही ठरवू नको. गोळी संध्याकाळी घे, म्हणजे सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट बघून त्याच दिवशी डोस बदलता येतो. विसरलास आणि त्याच दिवशी आठवलं तर घे, दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती गेली, दोन एकदम अजिबात नाही. पालेभाजी सोडू नको, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच खा, एकदम वाढवली की त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर खाली येतो.

एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. दाढ दुखत होती, डेंटिस्टनी मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक लिहून दिली, त्यांनी विचारलं नाही आणि मीही ब्लड थिनरचं बोलले नाही. पाचव्या दिवशी ब्रश करताना बेसिन लाल झालं, हिरड्यांचं रक्त थांबेना, पिशवीचा बंद जिथे रुतला होता तिथे दंडावर काळानिळा पट्टा, त्या गोळीने वॉरफरिनचा परिणाम वाढून आयएनआर ६.८! खूप घाबरले होते रे. म्हणून सांगते, कुठल्याही डॉक्टरकडे गेलास की बसल्याबसल्या आधी वॉरफरिनचं सांग. अंग दुखलं म्हणून आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक आपल्या मनाने घेऊ नको, आयुर्वेदिक काढेसुद्धा विचारून.

डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी थेट हॉस्पिटल गाठ, शी काळी डांबरासारखी झाली किंवा लघवी लाल झाली तरी तेच, माझ्या फोनची वाट बघत बसू नको.

सोमवारी रक्त दिलंस की आकडा आणि डोस दोन्ही वहीत लिही, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.

तुझी आई