अंधारात हाताला सापडेल असं घर मांड

ता. औसा, जि. लातूर
पाडव्याचा दुसरा दिवस

प्रिय बाळा,

परवा संभाजीनगरहून फोनवर तू म्हणालीस, "आई, भाड्याचंच तर घर आहे. अकरा महिन्यांसाठी कशाला मांडत बसू? गादी टाकली, बॅगा भिंतीला लावल्या, झालं." तेव्हा मी काही बोलले नाही, अंगणवाडी सुटायची वेळ होती. पण रात्रभर ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "हो हो" म्हणून मोकळी होतेस. कागद तरी जवळ राहील.

तुझ्या आजोळचं जुनं गाव तू पाहिलंस ते बाभळी वाढलेलं. मी तिथं राहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला मी दहावीत होते. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. आमचं घर माळवदाचं. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, दगडात नुसता चिखल, वर लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहायचं. तेच सगळं खाली आलं. आम्ही ओसरीत होतो म्हणून अंगणात पडलो. माझी आजी आतल्या खोलीत होती. माझ्या वडिलांना ना काडेपेटी सापडली, ना कंदील. खोलीच्या दाराशी ज्वारीची पोती रचलेली होती, ती आतून कलंडली आणि दार हलेना. पोती नसती तर आजी वाचली असती का, हे कोणीच सांगू शकत नाही. पण अंधारात भिंत चाचपडणारे वडिलांचे हात मला अजून दिसतात.

तुझी इमारत दगडमातीची नाही, हे मला कळतं. तरी तू पाठवलेल्या फोटोत पहिली नजर गेली ती पलंगावरच्या पोटमाळ्याकडे. मिक्सरचा खोका, लोखंडी ट्रंक, पुस्तकांची पोती, सगळं तुझ्या डोक्यावर. पलंग समोरच्या भिंतीला घ्यायचा. जड सामान खाली, हलकं वर. आणि दाराच्या वाटेत चप्पलांचा रॅकसुद्धा नको. घर नीटनेटकं म्हणजे पाहुण्यांना बरं दिसणारं, असं मी मानत नाही. लाईट गेल्यावर बॅटरी, किल्ली, पाण्याचा तांब्या आणि गॅसचं बटण न शोधता हाताला लागलं पाहिजे. एकदा रात्री सगळे दिवे बंद करून पलंगापासून दारापर्यंत चालून बघ. जिथं ठेच लागेल, तिथलं सामान हलव.

आता कूलरचं, कारण ऊन तापायला लागलंय. घरमालकांनी दिलेला कूलर पत्र्याचा आहे म्हणालीस. आपल्याकडं दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्यात करंट उतरतो आणि आपण ओल्या पायांनी पाणी भरायला हात लावतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन ओढून काढायची आणि मगच पाणी भरायचं. त्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे. मीटरच्या पेटीत ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप लाईट तोडणारं बटण, आहे का, तेही त्यालाच विचार. त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं. ते दाबल्यावर लाईट गेली पाहिजे. गेली नाही, तर ते नुसतं शोभेचं आहे. महिन्यातून एकदा दाबत जा. नसेल तर घरमालकांना बसवायला सांग. ते नाहीच म्हणाले, तर पैसे मी पाठवते. यात काटकसर नको. कूलर, गिझर, इस्त्री एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच लावू नकोस.

गॅसची नळी आधीच्या भाडेकरूची असणार. ती काढून टाक. आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी घे. नळीवरच वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांत बदलायची. सिलिंडर उभाच ठेव आणि झोपताना रेग्युलेटर बंद कर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, फरशीलगत पसरतो, म्हणून वास आला तर आधी दारं-खिडक्या सताड उघडायच्या. पंख्याचं बटण दाबायचं नाही, लागलेलं असेल तर बंदही करायचं नाही, कारण त्या ठिणगीनेच भडका होतो. बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तो वापरू नकोस. बंद जागेत त्याच्या विषारी वायूला ना वास असतो, ना रंग.

पाण्याचं तुला काय सांगू, तू लातूरकडची. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तू सातवीत होतीस. मामाच्या घरी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलीस. जायकवाडी भरलेलं असो की रिकामं, संभाजीनगरच्या नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, म्हणून ड्रम भरून ठेवावेच लागतात. पण डेंग्यूचा डास त्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. अंडी ड्रमच्या आतल्या कडेला, पाण्याच्या जरा वर चिकटतात. पाणी ओतून दिलं तरी ती तशीच राहतात, सुकली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की जिवंत होतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यात एक दिवस कोरडा. पाण्याच्या आदल्या दिवशी ड्रम रिकामा करून काथ्यानं आतून घासायचा, कूलरची टाकी पण. वर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांध. अंगणवाडीत मी हे घरोघर सांगत फिरते आणि माझ्याच लेकीच्या ड्रमवर झाकण नाही, हे फोटोत बघून जिवाला लागलं.

कागदाचं थोडक्यात सांगते. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं एजंट म्हणाला ना? महाराष्ट्रात तसं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. गोडीत सांग, भांडू नकोस, पण मागे पण सरू नकोस. आणि सामान लावायच्या आधी भिंतींची ओल, फुटकी फरशी, गळका नळ, मीटरचा आकडा यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकीणबाईंना व्हॉट्सॲपवर पाठव. मी लातुरात ट्रेनिंगला असताना खोली घेतली होती. सोडताना मालक म्हणाला, ही ओल तुमच्याच पाण्यानं आली, आणि निम्मी अनामत कापली. ओल आधीची होती. माझ्या हातात काहीच नव्हतं म्हणून मी गप्प बसले. ते पैसे तुझ्या आजीनं शेळी विकून दिले होते.

कुलूप बदल. आधीच्या माणसांकडे किल्ली नसेलच, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मालकीणबाईंना विचारून नवं लाव, जुनं जपून ठेव म्हणजे जाताना परत बसवता येईल. आतून वर एक कडी हवी. दारातलं भिंग धुरकट झालंय म्हणालीस, ते नवं बसव. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेव, पण आधी महिनाभर त्यांची ओळख होऊ दे. ११२ नंबर पाठ असू दे.

हे सगळं करशील, मला माहीत आहे. पण बॅगा अजून बांधलेल्याच आहेत, त्याचं मला जास्त वाटतंय.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. बावन्न गावं उठवून दुसरीकडं वसवायची होती, तोवर हे. एक खोली, दुपारी भट्टी, पावसात बोललेलं ऐकू यायचं नाही. आजी गेलेली, घर गेलेलं. तिसऱ्या दिवशी माझ्या आईनं शेण आणून जमीन सारवली. मग पत्र्याला तार बांधून तिच्यावर कपडे टाकले, विटा रचून त्यावर फळी ठेवली, फळीवर ढिगाऱ्यातून काढलेले चार डबे. वडील चिडले, "कामून करायलीस? उठायचंच हाय इथनं." ती सारवता सारवताच म्हणाली, "मग तवर काय लेकरांनी रस्त्यावर बसल्यागत जेवायचं?" पुढं नव्या गावात पक्की घरं मिळाली. पण त्या शेडमधल्या फळीवरच मी दहावीची पुस्तकं ठेवली होती आणि पुढची परीक्षा तिथूनच दिली.

म्हणून बॅगा सोड. खिळे ठोकू देत नाहीत तर नको ठोकूस, चिकटवायचे हुक मिळतात. माझी हिरवी नारायणपेठी विरली आहे, तिचा पडदा शिवून पाठवते. ओट्याजवळच्या कोनाड्यात मसाल्याचा डबा, तिखट उजव्या हाताला, जसं आपल्याकडं असतं. बिलं, करार, आधारची झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या फाईलीत घालून कपाटात अगदी वर ठेव. तुझं एक तरी काही भिंतीवर असू दे, तू काढलेलं ते नदीचं चित्र असलं तरी चालेल.

शनिवारच्या गाडीनं तुझे पप्पा येतायत. आजीची वाकळ, शेंगाचटणी, बॅटरी आणि तुळशीचं रोप देतेय. ते आल्यावर पलंग दोघं मिळून सरकवा, तू एकटी ओढू नकोस. टेस्टचं बटण त्यांच्यासमोर दाबून बघ आणि लाईट गेली का, ते मला कळव.

तुझी,
आई