माउसला हात लावू नकोस

मानेवाडा, नागपूर
४ मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. नऊ वाजताच फरशीवर पाय ठेववत नाही इथे. बचत गटाच्या बायकांना शनिवारपासून कॉम्प्युटर शिकवायचा आहे, पहिल्या दिवशी काय घेऊ, असं तू विचारलंस. काय घ्यायचं ते पुढे सांगते. आधी एक ऐक. त्यांच्या माउसला हात लावू नकोस.

नोकरीत एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. बर्डीवरच्या एका क्लासला जायचे, तू दहावीत होतीस. सर मनाने चांगले, पण भारी घाईचे. मी अडले की "द्या इकडे मॅडम" म्हणून माउस घ्यायचे, चार ठिकाणी टकटक करायचे आणि म्हणायचे, "झालं." झालं ते त्यांचं. माझ्या वहीत बारा पायऱ्या उतरवलेल्या असायच्या आणि हाताला त्यातली एकही यायची नाही.

मला माउस शिकवला तो पत्त्यांच्या डावाने. जेवणाच्या सुट्टीत साहेब नसले की ऑफिसात सॉलिटेअर लावायचे. पान उचलायचं, बोट दाबून ठेवायचं, ओढत न्यायचं, सोडायचं. हा खेळ १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला, आणि लोकांच्या हाताला ही ओढाओढीची सवय लागावी हाही त्यामागचा हेतू होता म्हणतात. म्हणजे मी कामचुकारपणा करत नव्हते बरं का!

आता माझ्याकडे दुपारी चौघी येतात. कूलरसमोर बसतो. वरच्या काकूंचा माउस पहिल्या दिवशी टेबलाच्या कडेला पोचला आणि त्या तशाच थांबल्या. म्हणाल्या, "आता कुठे नेऊ जी? जागाच संपली." माउस उचलून मध्ये ठेवला तरी बाण जागचा हलत नाही, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचतच नाही. डबल क्लिकचंही तसंच. दोन टिचक्यांमध्ये त्यांचा हात सरकतो, मग काही उघडत नाही, आणि त्यांना वाटतं आपलंच डोकं चालत नाही. मनगट टेबलावर टेकवायला सांग. तेही नाही जमलं तर एकदा क्लिक करून एंटर दाबू दे, काही बिघडत नाही.

बिघडण्याचीच तर भीती असते. खिडकी मिनिमाइझ होऊन खाली पट्टीत गेली की "बाप्पा, सारंच गेलं!" म्हणून किंचाळतात. म्हणून मी पहिल्याच दिवशी कंट्रोल झेड, म्हणजे केलेलं मागे घ्यायची कळ, शिकवते. मुद्दाम दोन ओळी लिहायच्या, पुसायच्या, परत आणायच्या. टाइपरायटरवर आम्ही चार कार्बन घालून पत्रं काढायचो. एक अक्षर चुकलं की पाचही कागदांवर खाडाखोड, नाहीतर सगळं पुन्हा. चूक मागे घेता येते हे मला कळलं त्या दिवशी मी घरी येऊन तुझ्या बाबांना दोनदा सांगितलं होतं, त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

सीपीयू म्हणजे मेंदू, मॉनिटर म्हणजे अमुक, हे पाठांतर नको. फाइल-फोल्डर मात्र निवांत घे. माझं निम्मं आयुष्य लाल कापडातले बस्ते बांधण्यात गेलं, मला ते सोपं गेलं. त्यांना डब्यांवरून सांग: नाव न लिहिता डबा ठेवला की ऐन वेळी जिऱ्याऐवजी ओवा हाती येतो. सेव्ह करताना दोन गोष्टी मोठ्याने म्हणायला लाव, नाव काय आणि ठेवलं कुठे.

मराठी लिहायला इनस्क्रिप्ट दे, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड. तुम्हा मुलांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय, पण ज्यांना इंग्रजी वाचताना अडखळायला होतं त्यांनी दोन लिप्यांतून का जावं? इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क वर शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, बाराखडी येणाऱ्याला जवळचंच. पहिलं स्वतःचं नाव लिहू दे. आमच्यातल्या एकीने आपलं नाव सतरा वेळा लिहिलं, मी मध्ये बोलले नाही. जमा-खर्चाचा तक्ता त्यानंतर, तोही त्यांच्याच वहीतल्या आकड्यांवर.

ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे दोन्ही त्यांच्याच हाताने वहीत लिहून घे.

आता राग मानू नकोस. गेल्या नोव्हेंबरात माझा हयातीचा दाखला तू मोबाइलवर दोन मिनिटांत भरलास आणि वर म्हणालीस, "बघ आई, किती सोपं आहे." मी फक्त चेहरा दाखवला. बाकी काय दाबलंस ते मला अजून माहीत नाही. यंदा दिवाळीला आलीस की मी भरणार. अर्धा तास लागला तर लागू दे. तू शेजारी बस, हाताची घडी घालून.

कुरडया वाळल्या की पाठवते.

तुझी,
आई