मालवणच्या तांडेलकाकांना आणि काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काका आणि काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सर्वांनी वाचावे म्हणून लिहीत असले, तरी त्यात तुमची नावे मुद्दाम घातलेली नाहीत, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, म्हणून काकांना मालवणातील दांडीच्या किनाऱ्यावर ओळखणाऱ्यांना हे पत्र कोणाला आहे ते सहज कळेल. नांदेडहून निघताना मालवणात काय काय पाहायचे, याची यादी आम्ही करून आणली होती. त्यांतले कोणते ठिकाण कोणत्या वेळी पाहायचे, हे मात्र तुमच्यामुळे कळले, आणि आमचा प्रवास खऱ्या अर्थाने सार्थकी लागला तो त्यामुळेच.

सकाळी उठल्याबरोबर सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाण्याची आमची तयारी पाहून काका एवढेच म्हणाले होते, "जरा सुकती होवंदे, मगे जावया." सुकती म्हणजे ओहोटी. मग होडीऐवजी तुम्ही आम्हाला चालत मोरयाच्या धोंड्याकडे घेऊन गेलात. त्या खडकावर कोरलेला गणपती, चंद्र आणि सूर्य यांवरून तुम्ही हळूच हात फिरवलात आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते येथे पूजन होऊन समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, असे सांगितलेत. ही तारीख आम्ही पुस्तकात वाचलेली होती. पण ज्या किनाऱ्यावर उभे राहून हा किल्ला योजला गेला, त्याच किनाऱ्यावरून तो प्रथम पाहावा, ही तुमची कल्पना आम्हाला सुचली नसती.

तोवर पाणी ओसरले होते आणि पद्मगड या शेजारच्या लहान किल्ल्याकडे जाणारी वाळूची दांडी उघडी पडली होती. मुलांना त्या ओल्या वाळूवरून चालत पलीकडे नेताना तुम्ही एक काळा खडक दाखवून, त्याच्या पायथ्याला पाणी लागले की असाल तेथून परत फिरायचे, अशी ताकीद दिलीत. मुले शंखशिंपल्यांत रमली होती आणि आम्ही वेताळाच्या मंदिरापाशी उभे होतो. तुमची नजर मात्र अखेरपर्यंत त्या खडकावरून हलली नाही. आपल्याकडे पाहुणा आलेला माणूस सुखरूप परत जावा, याची एवढी काळजी पैसे देऊन मिळत नाही.

सिंधुदुर्गाकडे जाताना होडी सरळ का जात नाही, असे माझ्या मुलाने विचारले, तेव्हा तुम्ही त्याला सुकाणूजवळ बसवून घेतलेत आणि पाण्यावर कोठे फेस फुटतो, कोठे पाण्याचा रंग बदलतो ते दाखवलेत. खाली खडकांचे जाळे आहे, ज्याला वाट ठाऊक तोच आत येऊ शकतो, आणि हाच या जलदुर्गाचा पहिला तट, हे तुम्ही त्याला दोन वाक्यांत पटवलेत. बुरुजांच्या वळणात दडलेला महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, याचा अर्थ त्यानंतर आम्हाला वेगळा सांगावा लागला नाही.

माझ्या आईचे गुडघे दुखतात. तिला होडीतून धक्क्यावर उतरवताना तुम्ही आणि तुमच्या सोबत्याने ज्या अदबीने हात दिलात, ते मी विसरणार नाही. आम्ही तटावरून फिरत असताना तुम्ही तिला सावलीसावलीने, तिच्या चालीने, श्रीशिवराजेश्वराच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या, मंदिरात नेलेत. छत्रपती राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधवलेल्या या मंदिरात ती बराच वेळ हात जोडून बसली होती. पुढे साखरबावीचे पाणी ओंजळीत घेऊन तिने चाखले आणि चारी बाजूंना खारा समुद्र असताना हे पाणी गोडे कसे, असे तुम्हाला विचारले. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींच्या जिवावरच गडावर वस्ती टिकली, हे तुम्ही सांगितलेत, आणि आजही तेथे नांदणाऱ्या घरांशी तिची ओळख करून दिलीत. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्या मानात गडावर राहणाऱ्या या कुटुंबांचा आणि पावसाळा सोडून रोज माणसांना सांभाळून ने-आण करणाऱ्या तुमच्यासारख्या तांडेलांचाही वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

किल्ल्याभोवतीच्या पाण्यातील प्रवाळांविषयी तुम्ही जे केलेत, ते येथे नोंदवलेच पाहिजे. हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. होडीचा नांगर तुम्ही प्रवाळांपासून दूर, वाळूत टाकलात, आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला, दमलात तरी प्रवाळावर पाय टेकू नका, माझ्या होडीला धरा, असे बजावलेत. आमच्यातील एकाने तुकडा आठवण म्हणून नेऊ का, असे विचारले, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. तो जिवंत प्राण्यांनी वर्षानुवर्षे बांधलेला आहे आणि त्याच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात, म्हणजे तेच आमचे शेत, एवढेच म्हणालात. माझी मुलगी आता हे वर्गात सर्वांना सांगते. तारकर्ली आणि देवबागचा कर्ली नदीचा संगमही आम्ही पाहिला; तो सुंदर आहेच, पण त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे.

काकू, आता तुमच्याविषयी. मालवणी खाजे आम्ही बाजारातून घेणारच होतो, पण ते होते कसे, हे पाहायला तुम्ही आम्हाला तुमच्या बहिणीच्या घरी नेलेत. बेसनाच्या बोटभर जाडीच्या शेवा तेलात कुरकुरीत तळून बाजूला काढलेल्या होत्या, आणि चुलीवर गुळाचा पाक रटरटत होता. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांनी चाचपून तुम्ही म्हणालात की आणखी थोडा कच्चा आहे. आणि दुसऱ्या वेळी ती गोळी नीट वळताच आल्याचा कीस घालून, शेवा लोटून, दोघी बहिणींनी झाऱ्याने ते इतक्या भराभर परतले की पाहता पाहता गूळ प्रत्येक कांडीला बसून सुकला. आंगणेवाडीच्या जत्रेत खाज्यांचे ढीगच्या ढीग लागतात, हे ऐकले होते. पण गरम खाजा दाताखाली मोडताना आल्याचा जो झणका येतो, तो त्या चुलीपाशीच कळला. त्या दुपारी तुम्ही वाढलेले तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि सोलकढी यांचीही आमच्या घरी अजून वाखाणणी चालते.

चिवला किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्या मंडळींनी आमच्या मुलांना दोराला हात लावू दिला आणि वाटे पडताना त्यांच्याही ओंजळीत चार मासळ्या टाकल्या. त्यांना आमचा नमस्कार अवश्य सांगा.

आईने तुमच्यासाठी ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायला सांगितली आहे. ती या आठवड्यात पार्सलने निघेल, आणि तिच्याबरोबर किल्ल्यावर काढलेली छायाचित्रेही येतील. माझ्या धाकट्या भावाचे कुटुंब पावसाळा संपल्यावर मालवणला यायचे म्हणत आहे. त्यांनी तारीख ठरवण्याआधी तुम्हाला फोन करून सुकतीच्या वेळा विचाराव्यात, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.

तुमची ऋणी,
नांदेडची एक प्रवासी